चाळिसावं घर

"पुठ्ठे काढलेस ते काढलेस, आतली पानं तरी शाबूत आहेत ना?" शामशी-बाइकेने दारातूनच विचारलं. बाइके म्हणजे दादा; तो आमच्या प्रसूतिगृहाचं स्टोअर सांभाळतो. अडगळीतल्या जुन्या नोंदवह्यांवरही त्याचा जीव.

"पानं आहेत, बाइके. नुसती वरची साल काढली."

"आणि ही एक्स-रेची फिल्म?"

"फोटोचे कोपरे अडकवायला. रद्दीतलीच आहे. कुणाच्या तरी मोडक्या बरगड्या आहेत, तेवढ्याच कामी येतील."

तो हसला आणि जाता जाता डोक्यावरची जुनी लोकरीची टोपी माझ्यापुढे टाकून गेला. "पुठ्ठ्यावर वरून लाव," म्हणाला. "एवीतेवी बायको फेकणारच होती."

शुक्रवारी आमची सुईण बुरुलसुन-एजे निवृत्त होणार होती. एजे म्हणजे आक्का. अडतीस वर्षं आमच्या गावातलं जवळजवळ प्रत्येक डोकं आधी तिच्या हातात आलं, मग आईच्या. माझंही. पुढे मला नर्सिंगला धाडलं तिने, इंजेक्शन धरायला शिकवलं तिने, आणि पहिलं बाळंतपण बघून मी भोवळ येऊन पडले तेव्हा तोंडावर पाणीही तिनेच मारलं. दवाखाना तिला केटली देणार होता. तिच्याकडे चार केटल्या आहेत. मला माझं काहीतरी द्यायचं होतं, म्हणून आल्बम. आणि त्यात विकतची एकही वस्तू घालायची नाही असं ठरवलं.

बाळ चाळीस दिवसांचं झालं की आम्ही चाळीस घरांतून कापडाचे तुकडे मागून आणतो आणि त्यांचा सदरा शिवून त्याला घालतो. चाळीस घरांचा आशीर्वाद अंगावर राहतो. एजेला स्वतःचं मूल नाही. आता ती घरी बसणार, म्हणजे एका परीने तिचंही नव्यानेच सुरू होणार. मग तिला चाळीस घरं का नकोत? तिच्या हातून जन्मलेली चाळीस मुलं, एकेकाचा फोटो आणि शेजारी त्याच्या घरचा तुकडा. ही कल्पना सुचली त्या दिवशी मला दोन घास जास्तच गेले.

नावं मी त्याच वह्यांतून उतरवून घेतली. डाव्या पानावर आईचं नाव, घर, जन्माची तारीख आणि मुलगा की मुलगी, उजव्या पानावर पुढचं सगळं. मी शहाणी, डावी पानं तेवढी वाचत गेले.

एकोणचाळीस घरं पार पडली. कुणी पडद्याचा काठ दिला, कुणी नवऱ्याच्या सदऱ्याची बाही, आणि चहा तर इतका झाला की रस्त्याने चालताना पोटात डुचमळत होता. चाळिसावं घर नदीपलीकडे होतं, जुमागुल-एजेचं. अंगणात मुलीचा फ्रॉक वाळत होता आणि ती काठीने लोकर झोडपत बसली होती.

"बुरुलसुन-एजेसाठी एक तुकडा हवाय," मी म्हटलं. "तुमच्या बाळाच्या चाळिसाव्याच्या सदऱ्यातला उरला असेल तर फारच छान. आणि त्याचा एक फोटो."

"मुलगी तर माझी शहरात झाली," ती काठी थांबवून म्हणाली. "तुझ्या यादीत कोण आहे?"

मी कागद पाहिला. "मुलगा. चौदा वर्षांपूर्वीचा, मार्चमधला."

तिने काठी भिंतीला टेकवली. "त्याचे चाळीस कुठले गं," ती म्हणाली. "तीनच दिवस झाले त्याचे."

आणि चहाचं न विचारताच आत निघून गेली. आमच्यात असं कुणी करत नाही.

दवाखान्यात येऊन मी उजवं पान काढलं. सातव्या महिन्यातला जन्म. तिसऱ्या दिवशी गेला. खाली बुरुलसुन-एजेची सही. मी तेव्हा कॉलेजात होते, मला कुठून कळणार, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण माझ्या हौसेपायी मी एका आईच्या जखमेवरची खपली काढली होती, आणि इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. चाळिसाव्या पानासाठी दुसरं घर शोधायला पाय उचलेना. एकोणचाळिसांवर थांबावं, तर सगळा खटाटोपच वाया.

शुक्रवारी सकाळी जुमागुल-एजे दवाखान्याच्या फाटकाशी उभी. मला पाहून तिने रुमालाची घडी उलगडली. आत तळहाताएवढा सदरा होता, फिक्या निळ्या फुलांचा.

मी ओळखला. बाळाचा पहिला सदरा कुठल्यातरी दीर्घायुषी म्हातारीच्या कपड्यातून शिवतात. पुढे तो कुत्र्याच्या गळ्यात बांधून सोडून देतात, म्हणजे बाळाची पीडा कुत्र्याबरोबर पळून जाते. त्याच्या काठाला दुमड घालत नाहीत. दुमड घातली की आयुष्य तिथेच बंद होतं, असं म्हणतात.

"तुझ्या एजेनेच शिवला होता, तिच्या आईच्या झग्यातून," ती म्हणाली. "कुत्र्याला बांधायचं राहूनच गेलं. फोटो नाहीये. हाच लाव."

"एजे, माझं चुकलं. मी नीट वाचलं—"

"गप बस. चौदा वर्षांत त्याचं नाव काढून कुणी माझ्या दारात आलं नव्हतं. तू त्याला चाळिसात धरलंस." तिने सदरा माझ्या हातात दिला. "त्या दिवशी सासरचे सगळे निघून गेले. ही बाई ड्यूटी नसताना संध्याकाळपर्यंत माझा हात धरून बसली होती. तिला मी साधं बरं वाटलं असंसुद्धा कधी म्हटलं नाही."

शेवटच्या पानावर मी तो चार टाक्यांनी बसवला. काठाचे दोरे सुटले होते. सवयीने दुमड घालायला सुई ओवलीसुद्धा. मग परत ठेवली.

दुपारी सगळ्यांसमोर एजे पानं उलटू लागली. "हा? हा तर पायाळू! अजून उलटाच चालतो. आणि ही बया, बाहेर आल्या आल्या माझ्या एप्रनवर मुतली!" सगळे हसत होते. शेवटचं पान आलं तसा तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. सदऱ्याच्या काठावरून तिने बोट फिरवलं.

"दुमड नाही घातलीस."

"नाही, एजे."

"बरं केलंस, पोरी." मग म्हणाली, "कुठंय ती?"

"बाहेर. बाकावर. आत या म्हटलं, पण येत नाहीत."

एजेने आल्बम काखेत मारला. "बाइके, माझी ती नवी केटली काढ. आणि पाणी उकळ."

खिडकीतून मी पाहिलं. दोघी बाकावर बसल्या होत्या, आल्बम दोघींच्या मांड्यांवर मिळून उघडा होता. एजे जुमागुलचा प्याला पुन्हा पुन्हा भरत होती, आणि दर वेळी अर्धाच. समोरच्याने लवकर उठू नये असं वाटलं, की आम्ही प्याला अर्धाच भरतो.