भाऊ काहीही खातो

माझा भाऊ भूपेंद्र काहीही खातो, आणि त्याच जोरावर तो हॉलंडच्या केळी कंपनीत साहेब झाला. हे मी नाही, तोच सांगतो. नऊ वर्षांपूर्वी जळगावहून गेला तेव्हा फोडणीतला कांदा जरा करपला तरी ताट सरकवायचा. तिथे व्यापाऱ्यांबरोबर जेवणं सुरू झाली. कच्चा मासा, गोगलगाय, कोरियातलं आंबवलेलं काहीबाही. समोर येईल ते हसत खायचं आणि वर थोडं मागून घ्यायचं. बरोबरचे नाकं मुरडत राहिले, भाऊ वर चढला.

या वेळी तो केळीच्या बागा बघायला चार दिवसांसाठी आला. जळगावात मेहरूण तलावाजवळच्या घरी आई आणि मी, दोघीच असतो. माझी बदली पारोळ्याला झाली आहे. सकाळी सातला निघते, संध्याकाळी सातला येते, आणि आई विसरायला लागली आहे. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा शेजारच्या कुंदाबाईंना ती तलावाकाठी सापडली, घर कुठे ते तिला सांगता येईना. भाऊने सहा महिने इथूनच काम करावं, तोवर मी बदलीचं बघते, एवढंच माझं म्हणणं होतं. फोनवर सांगून सांगून तोंड दुखलं. "वय झालं की होतं असं," तो म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी आईने त्याच्यासाठी भरीत केलं. मिरच्या कुटताना मीठ घातलं. वांगी ठेचून झाल्यावर घातलं. फोडणीत परतून झाल्यावर पुन्हा डबा उघडला आणि आणखी घातलं. मी शेजारीच भाकरी थापत होते. तिचा हात धरता आला असता, मी धरला नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला? खाईल तेव्हा कळेल. बोटावर घेऊन चाखलं तर तोंडात धरवेना. आईसाठी वाईट वाटायला हवं होतं. पण हल्ली मला फारसं काही वाटतच नाही.

भाऊ जेवायला बसला. आई समोर बसून त्याच्याकडे बघत होती.

"कसं व्हयनं?"

"एक नंबर."

"आखो वाढू का?"

"वाढ ना."

दुसऱ्यांदा वाढलेलंही त्याने भाकरीने पुसून खाल्लं. आई खूश होऊन आडवी झाली. तो हात धुवायला मोरीपाशी आला तेव्हा मी विचारलं, "भाऊ, मीठ?"

"कळलं की. पहिल्याच घासाला."

"तीनदा घातलं तिने."

"हो." तो हात पुसत म्हणाला, "फोनवरही एकच गोष्ट तीन-तीनदा सांगते. वर्षभर बघतोय मी."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. त्याला कळत नाही म्हणून तो येत नाही, असं मी वर्षभर धरून चालले होते. मला राग यायला हवा होता.

"मग राहशील?"

"सोमवारचं विमान आहे, रत्ना," तो म्हणाला. "भाकरी मात्र मस्त झाली होती."

मंगळवारी सकाळी आईला दूध-भाकरी दिली, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवला, गॅसचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकला. मग आई आत असताना दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि पारोळ्याची बस धरली.