नऊ फरश्या

नवीन घर जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. आलेखाच्या कागदावर काळ्या शाईच्या भिंती, दार उघडेल तिथे बारीक कमान, आणि आत पुठ्ठ्याचे तुकडे. पलंग, कपाट, दोन खुर्च्या. सगळ्यांत मोठा तुकडा हिरवा होता. नकाशेवाल्यांनी तो सकाळपासून अकरा वेळा उचलून अकरा वेळा ठेवला होता. उभा ठेवून पाहिला, आडवा ठेवून पाहिला. तिरका ठेवला, तर एक कोपरा भिंतीतून थेट शेजाऱ्यांच्या घरात जात होता.

इमारतीत सगळे त्यांना नकाशेवालेच म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी बांधकामाच्या एका कचेरीत नकाशे काढले होते. माणूस बुजरा. नव्या माणसाशी बोलायचं तर आधी घसा साफ करायचे आणि मग बोलायचंच राहून जायचं. पण हाताखालच्या कुणी नकाशावर ‘अंदाजे’ असा शब्द लिहिला, की त्याभोवती लाल गोल काढून ते कागद परत पाठवत. ‘हे मोजूनमापून शिंकतात,’ असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची.

हिरवा तुकडा म्हणजे तिचं कापणीचं टेबल. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, जाडजूड लाकडाची एकसंध फळी, खाली आधाराला दोन लाकडी घोडे. कडेला इंचांच्या खुणांची पितळी पट्टी ठोकलेली. चाळीस वर्षं ती त्यावर कपडे बेतत आली होती, आणि सत्तरी उलटली तरी गिऱ्हाइकं तिला सोडत नव्हती. तिसऱ्या मजल्याचे जिने दोघांच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून लेकीने तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर शोधलं, तेव्हा बायकोने एकच अट घातली होती.

“टेबल येणार असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही जा, मी दर रविवारी भेटायला येईन.”

“येतंय गं,” नकाशेवाले तेव्हा म्हणाले होते, आणि कागदावर हिरवा तुकडा ठेवून दाखवला होता. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच मोकळे.

त्या कागदाच्या भरवशावर तिने घर रिकामं करायला घेतलं. आरशाचं कपाट नणंदेला गेलं. माहेरची पेटी गेली. मोठी पातेली गेली. प्रत्येक वस्तू दाराबाहेर जाताना ती क्षणभर उंबऱ्यात थांबायची आणि मग म्हणायची, “जाऊ दे. टेबल आहे ना.”

आणि टेबल बसत नव्हतं.

चूक कुठे झाली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिल्यांदा घर बघायला गेले, तेव्हा छोट्या खोलीत आधीच्या बिऱ्हाडातल्या आजारी सासूबाई झोपल्या होत्या. सून म्हणाली, “या ना आत, त्यांना काही कळत नाही.” पण परक्या बाईच्या उशापायथ्याशी टेप घेऊन वाकायचं, या कल्पनेनेच नकाशेवाल्यांचे कान तापले. “नको, नको, इथूनच होईल,” असं म्हणून त्यांनी दारातूनच ओठ हलवत फरश्या मोजल्या. लांबीला नऊ, रुंदीला सात. एक फरशी एक फूट. त्यांच्या मोजवहीत जन्मभरातला पहिला अंदाज असा उतरला, आणि त्याला लाल गोल करायला कुणी नव्हतं.

सोमवारी किल्ली मिळाली. रिकाम्या खोलीत गुडघे टेकून त्यांनी फरशीला टेप लावला. फरशी दहा इंचांची निघाली. जुन्या मापाची, जेमतेम दहा. नऊ फुटांची खोली साडेसात फुटांचीसुद्धा भरत नव्हती.

तेव्हापासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. एकच खोकं तीनदा बांधून तीनदा सोडलं. गॅलरीत जायचे, कशाला आलो ते विसरून परत फिरायचे. रोज सकाळी, आज सांगू. चहा झाला की, जेवण होऊ दे. जेवण झालं की, ती आता दमलीय. शनिवारी सामानाची गाडी यायची होती.

“अहो, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का?” बायको कपड्यांच्या गठ्ठ्यामागून म्हणाली. “बसा बघू एका जागी. नाहीतर तुम्हालाही खोक्यात घालून चिकटपट्टी मारीन.”

ते बसले. उठले. पुन्हा बसले.

गुरुवारी दुपारी शेजारीण आली. मुलांच्या अभ्यासासाठी तिला बायकोचं छोटं घडीचं टेबल हवं होतं.

“घेऊन जा की,” बायको म्हणाली. “तिथे दोन टेबलं ठेवायची कुठे?”

शेजारणीने टेबलाची घडी घातली, काखेत मारलं. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा नकाशेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, “ते देऊ नकोस.”

दोघी थांबल्या.

“का हो?” बायको म्हणाली.

“लागेल.”

“कशाला लागेल?”

त्यांनी घसा साफ केला. शेजारीण शहाणी होती. टेबल हळूच भिंतीला टेकवून, दूध उतू जातंय की काय असं पुटपुटत निघून गेली.

मग त्यांनी सांगितलं. फरश्या, सासूबाई, दहा इंच, सगळं. सांगताना ते पूर्ण वेळ घडीच्या टेबलाकडे बघत होते.

“कधी कळलं?” बायकोने विचारलं.

“सोमवारी.”

“आज गुरुवार आहे.”

“हो.”

“मंगळवारी मी आरशाचं कपाट दिलं. माझ्या आईने दिलेलं. तुम्ही तर त्याला खालून हात लावलात, जिन्यापर्यंत नेलात.”

ती आवाज चढवेल असं त्यांना वाटलं होतं, नव्हे, तशी आशाच होती. पण ती आतल्या खोलीत गेली आणि टेबलाशी उभी राहिली. हात फळीवर. नकाशेवाले बाहेर दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत राहिले.

शेवटी ती बाहेर आली. तिच्या गळ्यातला शिवणाचा टेप तिने काढून त्यांच्या हातात दिला.

“जा. आत शिरून मोजा. भिंतीला हात लावून. आणि इंचात.”

ते नव्या घरी गेले. नुसत्या जमिनीशी मोजून भागत नाही, हे आता त्यांना आठवलं. जुन्या भिंती पोट काढतात. जमिनीशी साडेअठ्ठ्याऐंशी भरले. टेबलाच्या उंचीवर, जिथे फळी यायची तिथे, सव्वाअठ्ठ्याऐंशी. त्यांनी चार ठिकाणी मोजलं, लिहिलं, लिहिलेलं पुन्हा मोजलं. परतताना जिन्यात प्रत्येक पायरीला तो आकडा मनात म्हटला.

शुक्रवारी सकाळी सुतार आला. करवत घेऊन फळीभोवती फिरला आणि म्हणाला, “काकू, असं लाकूड आता मिळत नाही. जीव होत नाही कापायला.”

“माझा तरी कुठे होतोय,” बायको म्हणाली. “आठ इंच काढा.”

“कुठल्या टोकाने?”

नकाशेवाल्यांनी शेवटच्या टोकाकडे बोट दाखवलं. म्हणजे पट्टीवरचे आकडे एकपासून राहिले असते.

“त्या टोकाला मी उभी राहते,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “माझ्या पोटाने तिथली कड झिजलीय. ती मी देणार नाही. सुरुवातीचं कापा.”

“पण मग पट्टी आठपासून सुरू होईल.”

“होऊ दे.”

करवत चालू झाली, तसे नकाशेवाले उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. तिथेही ऐकू येतच होतं.

शनिवारी दोघा हमालांनी फळी नव्या घरात आणली. तिरकी करून आत घेतली, एक टोक घोड्यावर टेकवलं आणि दुसरं हळूहळू खाली सोडलं. भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये नखाएवढी फट राहिली. नकाशेवाल्यांनी श्वास सोडला. बायकोने हमालांना पाणी दिलं.

खोकी अजून फुटायची होती, पण तिने आधी पडद्याचं कापड काढून टेबलावर पसरलं.

“खिडकीची उंची?”

“साडेसत्तेचाळीस.”

आता ती स्वतः जाऊन मोजेल, म्हणून ते बाजूला सरले. ती जागची हलली नाही.

“साडेसत्तेचाळीस,” ती पट्टीवर बोट सरकवत मोठ्याने म्हणाली, “दुमडीचे सहा, आणि तुमचे आठ. साडेएकसष्ट.”

तिने खडूची खूण केली आणि कात्री कापडात घातली.

नकाशेवाल्यांची नजर खिडकीकडे गेली. सकाळी दोनदा मोजलं होतं. पण पहिल्यांदा टेप वरच्या चौकटीला लावला होता, की तिच्या खाली? त्यांनी हळूच स्टूल ओढलं, खिडकीपाशी नेलं आणि टेप घेऊन वर चढले.

“पडाल,” ती मान वर न करता म्हणाली. “गुडघ्यांसाठीच घर बदललंय आपण.”

“एकदाच बघतो.”

त्यांनी टेपचं टोक चौकटीला अंगठ्याने दाबून धरलं. मागे कात्री चालतच होती.