मच्छरदाणीचा तुकडा

गल्लीत कुणाची मोरी तुंबली की हाक जायची ती मोकळेकाकांना. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं लोकांचे पाइप मोकळे करून दिले, त्यातून पडलेलं नाव. पाइपाच्या तोंडाशी चिंधी दिसली की त्यांचा हात आपसूक पुढे जायचा आणि ती उपटून काढली की त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

बायको गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली ती बागेतलं तळं आणि त्यातले पाच मासे काकांवर सोपवून. माशांवर तिचा भारी जीव. पांढऱ्या शेपटीचा सर्वांत जुना मासा म्हणजे तिची 'म्हातारी'. ही म्हातारी तिच्या हातून खायची.

दुसऱ्याच दिवशी काकांना तळ्याच्या बुडाशी, फिल्टरकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला दिसला. शेवाळाने पार माखलेला.

"अशाने पाणी जाणार कुठून?" म्हणत त्यांनी तो उपटला आणि कचऱ्यात टाकला. पाणी झरझर फिल्टरच्या टाकीकडे निघालं. गडी खूश.

रोज संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. "अहो, पाचही आले ना खायला?"

"आले की!"

मोजतंय कोण? चिमूटभर दाणे टाकायचे आणि टीव्हीपुढे जाऊन बसायचं.

ती घरी यायच्या आदल्या सकाळी काकांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. चार. पुन्हा मोजले, तरी चारच. म्हातारी नव्हती. कुंपणापाशी जाऊन त्यांनी शेजारणीच्या मांजराचा उद्धार केला.

"माझं मांजर पाण्याला घाबरतं," शेजारीण फणकारली. "तुम्हीच काहीतरी मोकळं केलं असेल, आठवा जरा!"

काकांना आठवलं. धावत जाऊन त्यांनी फिल्टरचं झाकण उघडलं. स्पंजांच्या मागे, वीतभर अंधाऱ्या पाण्यात म्हातारी होती. शेपटी फाटलेली, पण कल्ले हलत होते. काकांनी तिला अलगद ओंजळीत उचललं. तळ्यात सोडल्यावर ती बराच वेळ तशीच राहिली, मग हळूहळू खाली गेली. काकांनी स्वतःच्या पलंगाची मच्छरदाणी कापली आणि कोपरापर्यंत पाण्यात हात घालून पाइपाचं तोंड बांधून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बायको आली ती थेट तळ्याकाठच्या खुर्चीवर बसली. फाटकी शेपटी तिला लगेच दिसली.

"हे कशानं झालं?"

मांजराचं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

"माझ्यामुळे," काका म्हणाले. "जाळी मीच काढली. आणि फोनवर थापा मारल्या. मी मोजतच नव्हतो."

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. पण तिने दाण्यांचा डबा त्यांच्या हातात दिला.

"मला वाकता येत नाही. तुम्ही टाका. आणि मोठ्याने मोजा."

काकांनी उकिडवं बसून दाणे टाकले आणि हात पाण्यात धरला. एक, दोन आणि तीन एकदमच आले. चौथा रमतगमत आला. मग बराच वेळ कुणी नाही. काकांनी हात पाण्यात तसाच धरून ठेवला. शेवटी म्हातारी वर आली, बोटांपासून जरा लांब थांबली आणि तरंगणारा एक दाणा उचलून परत फिरली.

"पाच," काका म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.