नुसत्या काठाची कार्डं

शाळेच्या पटांगणात लशीची रांग लागली होती आणि बुद्धप्रियाच्या चिठ्ठीवर त्रेचाळीस नंबर होता. एकेचाळीसवाला आत गेला, तशी ती रांगेतून बाजूला सरकली.

"काय झालं गं?" आठ महिन्यांच्या नातीला, मैत्रीला, कडेवर सावरत तिच्या सासूनं, मीनाबाईनं, विचारलं.

"नको वाटतंय आत्या. पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या म्हयन्यात काय सोन्याची सुई येणार हाय?"

बुद्धप्रिया हसली नाही. बीएस्सी झालेली, म्हणून तर चार दिवस मोबाइलवर वाचून वाचून तिनं डोकं पिकवून घेतलं होतं. एका मेसेजनं झोपच उडवली होती: आईनं घेतलेली लस दुधातून बाळाच्या अंगात उतरते म्हणे. खोटं असणार, हेही कळत होतं. घेऊ नये म्हटलं, तर शेजारची शुभदा डोळ्यांपुढं यायची. एप्रिलमध्ये कोरोनानं ती गेली. तिचं तान्हं आता करमाळ्याला आजीकडं पावडरच्या दुधावर होतं.

"त्या विषाणूच्या अंगावर काटे असतात आत्या. प्रथिनांचे. काटा रुतवूनच तो आपल्यात शिरतो. लस आपल्या शरीराला नुसता तो काटा बनवायला लावते. मग माझ्या दुधात…"

"काट? चादरीला असतोय तसला?"

मीनाबाई बारा वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरींच्या नक्षीची भोकाभोकांची कार्डं शिवत होती; मागाला ज्या नक्षीची कार्डं लावावीत, तेवढीच नक्षी विणली जाते. काठाला ती कायम काटच म्हणायची.

"काठ नाही हो, काटा!"

"आगं, ऐक की. लशीत नुसत्या काटाची कार्डं हायत. मधल्या मोराची न्हाईत. व्हय का न्हाय?"

बुद्धप्रिया चूक सुधारायला निघाली होती, पण चूक नव्हतीच. हेच उत्तर तिनं परीक्षेत पानभर लिहिलं असतं.

"व्हय," ती म्हणाली.

"मग काटाच्या कार्डावर मोर कसा निघंल? जन्मात न्हाय निघायचा."

"आणि काठ ओळखीचा झाला, की अख्खी चादर आली तरी शरीर तिला अडवतं."

"बघ! समदं ठावं हाय, अन् उगं मला दमवतीस."

"पण दुधाचं?"

"ते आतल्या बाईला इचार. माज्या कार्डात दूध न्हाय."

आतली नर्स घाईत होती, पण हात थांबवून म्हणाली, "पाजताय ना? पाजतच राहा. दुधातून लस जात नाही. उलट तुमची थोडी प्रतिकारशक्ती बाळाला मिळेल."

सुई टोचली. बाहेर अर्धा तास बसायचं होतं. दहा मिनिटांतच मैत्रीनं भोकाड पसरलं. बुद्धप्रियाचा हात ओढणीशी घुटमळला. मीनाबाईनं लेकराला तिच्या मांडीवर दिलं आणि ती लोकांकडं पाठ करून पदराचा आडोसा धरून उभी राहिली.

पहिल्या चार घोटांना बुद्धप्रिया लेकीचा चेहरा निरखत राहिली. लेकीला त्याचं काय! पिता पिता तिनं आईच्या दंडावरचा कापसाचा बोळा उपटला आणि तोंडाकडं न्यायला लागली.

"आत्या, हिचा हात धरा," म्हणत बुद्धप्रियानं बोळा सोडवून घेतला आणि लेकीला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं.