गोकुळाचा डावा हात

मुलगी दहावीत गेली की घरातला आरसा कधी रिकामा सापडत नाही, हे तुम्हाआम्हाला काय सांगायला हवं! गोकुळाच्या घरीही तेच. डिंपलच्या शाळेत दर महिन्याला नवं खूळ. जूनमध्ये पोरींनी केस सरळ केले. डिंपलने कपड्याच्या इस्त्रीखाली वेणी धरली आणि जळक्या केसांचा वास आठवडाभर घरातून हलला नाही. मग ढगळे टी-शर्ट आले, तर तिने बापाचाच उचलला आणि धनराज दोन दिवस बनियनवर फिरला. गोकुळा हसायची. पोर आहे, हौस आहे, करू दे की!

गोकुळा तलावावरची बाई. धनराज जाळं टाकायचा, ती मासळी निवडून मोहर्लीच्या बाजारात विकायला न्यायची. हात सदा पाण्यात.

दिवाळीनंतर शाळेत भलतंच निघालं. आईच्या हातावर हात ठेवून फोटो काढायचा आणि मोबाईलच्या स्टेटसला लावायचा. वर्गातल्या सगळ्यांचे लागले. गोकुळा वाट पाहत राहिली. रोज मासळी निवडून झाली की लिंबू चोळून हात धुवायची. न जाणो, आज पोरगी म्हणेल, आई, हात दे.

एका दुपारी धनराजने मोबाईल पुढे केला. "हे पाय, आपल्या डिंपलनंबी टाकला फोटो."

गोकुळाने पाहिलं. वरचा हात डिंपलचा. खालचा मात्र गोरा, गुळगुळीत, नखांना लाल रंग लावलेला. तो शेजारच्या रंभाचा होता, अंगठीवरून गोकुळाने लगेच ओळखला. खाली लिहिलं होतं, 'माझी आई'.

धनराजने इतकं निरखून पाहिलं नव्हतं. गोकुळाने त्याला सांगितलंही नाही. डिंपल शाळेतून आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "काऊन वो पोरी, मी मेली का?"

"आई, तुले समजत नाई!" डिंपलने दप्तर आदळलं. "तुह्या हातावर ते गोंदण आहे ना, पोरी हासतात त्याले. जंगली म्हणतात. अन् शुक्रवारी शाळेत सगळ्याईच्या आया येऊन राह्यल्या, तू नको येऊ. नाई तर पूर्ण बाह्यांचं पोलकं घाल."

गोकुळाच्या डाव्या मनगटावर पाच ठिपके होते आणि त्यांच्यावर एक लहानशी मासोळी. लग्नाआधी गोंदणारीण आली, तेव्हा गोकुळाच्या मायनेच तिला मांडीवर घेऊन हात घट्ट धरला होता. "रडू नको गोकुळे," माय म्हणाली होती, "सोनंनाणं इथीच राहते, मेल्यावर हेच तेवढं आपल्यासंग येते." माय जाऊन दहा वर्षं झाली. तिची म्हणून एवढीच खूण उरली होती. पण हे लेकीला कसं सांगायचं? ती मोबाईल घेऊन पाठ फिरवून बसली होती.

बाजारात कधीतरी कानावर पडलं होतं की चुना आणि कपडे धुवायचा सोडा कालवून बांधला की गोंदण निघतं. बुधवारी घर रिकामं पाहून तिने तेच केलं. आग झाली. तिने पदर दातात धरला. गोंदतानाही दुखलंच होतं की, असं मनाशी म्हणत बसली.

हाय रे दैवा! फडकं सोडलं तर कातडीच सोबत आली. शुक्रवारी डिंपलची आई शाळेत गेलीच नाही, तापाने फणफणून पडली होती. घरी सांगितलं, तेल सांडलं. महिना झाला तरी जखम ओली. पाण्यात हात घालायची सोय नाही.

आरोग्य उपकेंद्रातल्या रंजीता सिस्टर घरी येऊन पट्टी बदलायच्या; मायने मांडीवर घेऊन गोंदवलं होतं, हे गोकुळाने बोलता बोलता त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी त्या पट्टी सोडत होत्या तोच दारात डिंपलची मैत्रीण पुनम आणि आणखी दोघी आल्या. तिघींच्या मनगटांवर पेनाने काढलेले ठिपके!

"काकू," पुनम म्हणाली, "मोहर्लीले सफारीवर एक मॅडम आल्ती, तिच्या हातावर असे ठिपके होते. आता सगळ्याईले तेच पायजे. तुमच्या हातावर तर खरे आहेत ना? दाखवा ना, आम्हाले तसेच काढाचे आहेत."

गोकुळाने हात पदराखाली ओढला.

"दाखव ना आई!" डिंपल म्हणाली. पट्टीखाली ठिपके शाबूत असतील, अशीच तिची समजूत होती. आज पहिल्यांदाच तिला आईच्या हाताचा अभिमान वाटत होता.

सिस्टरला राहवलं नाही. त्यांनी हळूच पदर बाजूला केला. "पाय डिंपल. तेल सांडलं असतं तर डाग इकडंतिकडं पडले असते. हे फक्त गोंदणावरच जळलं आहे. तुले अजूनबी समजलं नाई?"

डिंपलचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! मी काढ म्हणून नव्हतं म्हणलं वो!"

"नाई म्हणलं," गोकुळा शांतपणे म्हणाली. "पण माह्या जागी दुसरीचा हात तूच ठेवला ना बाई."

डिंपल रडायला लागली. "सिस्टर, परत गोंदता येईल ना? मी शोधून आणते गोंदणारीण!"

"जळलेल्या जागी सुई नको. अन् गोंदणारीण आणशीलबी, तुह्या आजीची मांडी कुठून आणशील?" सिस्टर म्हणाल्या. "तुमचं खूळ महिन्याभराचं, पोरी. काल ज्याले हासल्या, तेच आज मांगाले आल्या. तुमाले स्टेटस बदलता येते. कातडी कोण बदलून देईल?"

पुनम थुंकी लावून मनगटावरचे ठिपके पुसत राहिली.

पोरी गेल्यावर डिंपलने मोबाईल काढला. "आई, आता तरी फोटो काढू? सगळ्याईले सांगते, हाच माह्या आईचा हात."

"फोटो नको काढू," गोकुळा म्हणाली. "नुसता धर."

वाचकहो, पोरांनी नटू नये असं कोण म्हणेल? खुशाल नटावं! पण घरच्या माणसाला लपवून मिळालेली शोभा काय कामाची? आणि आपण मोठ्यांनीही लेकरांच्या लाजेपायी स्वतःला खरवडून काढू नये. चार शब्द त्यांच्याशी बोलावेत. गोकुळा ते वेळेवर बोलली नाही, आणि आता बोलून मासोळी परत येत नाही.

पाचातला एक ठिपका तेवढा वाचला आहे. डिंपल रोज मलम लावते, तेव्हा त्याच्याभोवतीने बोट फार जपून फिरवते.