भीमाबाईच्या गिरणीपुढचा बाक

दसऱ्याला भीमाबाई दीक्षाभूमीवर गेली होती, म्हणून गिरणीला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जरीपटक्यातल्या आपल्या गल्लीत येऊन बघते तर शटरपुढे सिमेंटचा बाक! नुसता आणून ठेवलेला नव्हे, चांगला काँक्रीटमध्ये पाय रोवून बसवलेला. आणि त्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, शटरकडे होतं.

आता बाकाचं तोंड भिंतीकडे करणारी माणसं वेडी असतील असं कुणालाही वाटेल. पण ती वेडी नव्हती, सेवाभावी होती. बाकाच्या पाठीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सेवासंगम क्लब, धरमपेठ यांच्या सौजन्याने’. खाली अध्यक्ष श्री. बाबाराव ठवकर, त्याखाली सचिव सौ. प्रेमलता, आणि त्याखाली आणखी नऊ नावं. बाकाचं तोंड रस्त्याकडे केलं असतं तर पाठ शटरकडे गेली असती आणि अकरा नावं वाचायला फक्त भीमाबाई उरली असती. क्लबने विचार केला की बाकावर बसणार चार जण, रस्त्याने जाता-येता नावं वाचणार हजार. सेवा नेहमी जास्तीत जास्त लोकांची करावी.

बाक आणि शटर यांच्यात जेमतेम हातभर जागा होती. तरी बाकावर माणसं बसायला लागली. निवृत्त माणसाला बाक दिसला की तो बसतो, तोंड कुठे आहे हे तो बघत नाही. कन्हानच्या खाणीतून निवृत्त झालेला लहानूभाऊ आणि त्याचे तीन दोस्त सकाळी आठला येऊन बसत आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठत नसत. शटर वर गेलं की चौघांचे आठ गुडघे सरळ गिरणीत.

“काहून इथं बसता गा लहानूभाऊ?” पहिल्या दिवशी भीमाबाईने विचारलं.

“बाकच तसा हाय न बाई. आमी काय करू?”

बोलणं बरोबर होतं, म्हणून तिला जास्त राग आला. दळण घेऊन येणाऱ्या बायकांना आत शिरायला वाट राहिली नव्हती. अंग चोरून, डबा डोक्यावर धरून, चार परक्या माणसांच्या गुडघ्यांवरून कोण जाईल? बायका लांबूनच बघत आणि पलीकडच्या चौकातल्या गिरणीचा रस्ता धरत. दिवाळी वीस दिवसांवर आली होती. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, लाडवाचं बेसन. दिवाळीच्या आधीचे हे दिवस म्हणजेच गिरणीचं अख्खं वर्ष. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं भीमाबाईने ही गिरणी एकटीने चालवली होती. एकदा गिऱ्हाईक दुसऱ्या चौकात गेलं की ते परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाक फिरला नाही तर या दिवाळीनंतर गिरणी राहणार नाही, इतकं साधं होतं ते.

म्हणून पहिल्याच गुरुवारी ती दुपारीच शटर ओढून धरमपेठेत गेली. क्लबची सभा दर गुरुवारी संध्याकाळी सहाला भरत असे. दाराशी प्रेमलताताई दोन याद्या घेऊन उभ्या होत्या. क्लबला यंदा सगळ्या क्लबांच्या प्रांतपालांचा करंडक जिंकायचा होता आणि त्यासाठी दर आठवड्याला एक पाहुणा वक्ता आणि एक सेवाकार्य, दोन्ही फोटोसह, वर पाठवावं लागत होतं. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं ते त्यापायी.

“आपण वक्त्या की लाभार्थी?” त्यांनी विचारलं.

“मी बाकाचं सांगाले आली. जरीपटक्यातल्या.”

“हो, पण वक्त्या की लाभार्थी? तिसरी यादीच नाहीये माझ्याकडे.”

वक्त्यांच्या यादीत त्या दिवशी मधमाश्यांवर बोलणारे एक गृहस्थ होते. म्हणजे भीमाबाई लाभार्थी. तिला एका रांगेत उभं केलं, बाबारावांनी हसऱ्या चेहऱ्याने तिच्या हातात काहीतरी ठेवलं, फोटो निघाला, आणि “बाकाचं तोंड...” एवढं ती म्हणेपर्यंत रांग पुढे सरकली होती. ती बाहेर आली तेव्हा ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात तिच्या काखेत एक जाडजूड ब्लँकेट होतं.

पुढचा आठवडा तिने कसा काढला तिलाच ठाऊक. दिवसाला तीन-चार डबे. चक्कीचा पट्टा नुसता लोंबत असायचा. लहानूभाऊ समोर बसून तिच्याकडे बघत विचारायचा, “आज दळण नाही आलं का वं बाई?” आणि ती त्याच्या गुडघ्यांकडे बघून दात-ओठ खायची.

दुसऱ्या गुरुवारी ती पुन्हा गेली. ब्लँकेट परत करायचं निमित्त होतं. दारात प्रेमलताताई फोन कानाला लावून रडकुंडीला आल्या होत्या. त्या दिवशी ‘गुडघे आणि आपण’ या विषयावर बोलायला येणाऱ्या डॉक्टरांनी ऐनवेळी नकार कळवला होता. वक्ता नाही तर फोटो नाही. फोटो नाही तर करंडक गेला.

“तुम्ही बोलता का?” प्रेमलताताईंनी भीमाबाईचा हातच धरला. “काहीही बोला. वीस मिनिटं.”

“मी बाकाचंच बोलन.”

“बाकाचं बोला, पंख्याचं बोला. या!”

बाबारावांना कुणी काही सांगेपर्यंत त्यांनी घंटा वाजवलीसुद्धा. बाबाराव कडक माणूस. एकदा छापलेला परिचय ते शब्दशः वाचत, समोर कोण बसलंय ते बघायची त्यांना गरज वाटत नसे. परिचय वाचणारा अध्यक्ष आणि परिचय ऐकणारा वक्ता यांनी एकमेकांकडे बघितलं तर गांभीर्य जातं, असं त्यांचं मत होतं.

“आजच्या आपल्या पाहुण्यांनी,” त्यांनी चष्मा सारखा करत वाचलं, “गेल्या पंचवीस वर्षांत चार हजारांहून अधिक गुडघे बदलले आहेत.”

भीमाबाईने मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मागे भिंत होती. टाळ्या पडल्या. मग शाल आली, नारळ आला, गुच्छ आला, पाहुण्यांच्या परदेशातल्या शिक्षणाचा उल्लेख झाला. अठरा मिनिटं त्यात गेली. ती माइकपुढे उभी राहिली तेव्हा तिच्या हातात नारळ, गुच्छ आणि परत करायचं ब्लँकेट, तिन्ही होतं.

“जयभीम,” ती म्हणाली. “मी गुडघे बदलत नाही. माझी जरीपटक्यात गिरणी हाय.”

सभागृह मनमोकळं हसलं. इतकी मोठी डॉक्टर आणि किती साधी!

“हसू नका. तुमी माझ्या शटरपुढं बाक लावला अन् त्याचं तोंड माझ्याकडं केलं. मानसं बसली का त्याईचे गुडघे माझ्या दारात येतात. बायकाइले आत येता येत नाही. दिवाळी तोंडावर आली. बाक तेवढा फिरवून द्या, मले दुसरं काही नाही पाहिजे.”

“गुडघे,” पहिल्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “फार मुळातून मांडलं.”

घंटा वाजली. प्रश्नोत्तरांची वेळ झाली होती. एका बाईंनी विचारलं की जिना उतरताना गुडघा दुखतो, चढताना दुखत नाही, काय करावं? भीमाबाईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. बावीस वर्षं तिने पोती उचलली होती, गुडघ्यांबद्दल तिला काही कमी कळत नव्हतं. “मंग उतराची घाई करू नका,” ती म्हणाली. “कठड्याले धरून उतरा.” बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आणखी दोघांनी विचारलं, दोघांना तिने उत्तरं दिली. न देऊन करते काय?

शेवटी खुद्द बाबाराव उठले. “माझा डावा गुडघा एकदा वाकला की सरळ व्हायला कां-कू करतो. कायमचा उपाय सांगा, मॅडम.”

भीमाबाईचं डोकं फिरलं. “माझ्या गिरणीपुढं या,” ती म्हणाली, “अन् तुमच्याच बाकावर अर्धा घंटा बसा. मंग समजते तुमाले गुडघा काय चीज असते तं!”

आभारप्रदर्शनात या वाक्याला ‘अनुभवाचे बोल’ म्हटलं गेलं.

आणि बाबाराव खरंच आले! शनिवारी सकाळी, मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, स्वच्छ पांढऱ्या पँटमध्ये. क्लबने शहरात चाळीस बाक बसवले होते, पण त्यांतल्या एकावरही क्लबचा माणूस आजवर बसला नव्हता. लहानूभाऊने सरकून जागा दिली. बाबाराव बसले, आणि त्यांचे गुडघे शटरच्या पट्टीखाली गेले.

पाच मिनिटं त्यांनी उपचाराच्या श्रद्धेने काढली. मग एक बाई भाजणीचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, “सरका जरा, साहेब.” बाबारावांनी सरकायचा प्रयत्न केला, डावा गुडघा सरकला नाही. बाई थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. अर्ध्या तासात बाबारावांच्या डोळ्यांदेखत पाच डबे परत गेले. त्यांना उठायचं होतं, पण गुडघा कां-कू करत होता. शेवटी चौघं म्हातारे आणि भीमाबाई, अशा पाच जणांनी त्यांना काखेत हात घालून वर ओढलं. पांढरी पँट पिठाने आणखी पांढरी झाली होती.

त्यांनी रस्त्यावर उभं राहून बाकाकडे बघितलं, मग शटरकडे बघितलं. “भीमाबाई,” ते मोठा शोध लागल्याच्या आवाजात म्हणाले, “हा बाक उलटा लागलाय.”

“हो का?” भीमाबाई म्हणाली.

सोमवारी क्रेन आली. ‘बाक-दिशा सुधार अभियान’ असा फलक आला, फीत आली, आणि त्या आठवड्याचं सेवाकार्य म्हणून बाक उखडून, फिरवून, दोन हात रस्त्याकडे सरकवून पुन्हा रोवला गेला. नावांचा प्रश्न होताच. पाठ आता शटरकडे गेली होती. मग नावं पाठीच्या पुढच्या बाजूला, जिथे माणूस टेकतो तिथे, नव्याने रंगवली. पण माणूस टेकला की अध्यक्ष झाकले जातात. म्हणून खाली लाल रंगात लिहिलं, ‘कृपया नावांवर टेकू नये’.

गिरणीची वाट मात्र मोकळी झाली. मंगळवारपासून बायकांची रांग लागली. चक्कीला श्वास घ्यायला उसंत मिळेना. भीमाबाईच्या पापण्यांवर पीठ साचलं, आणि सकाळी चालू झालेला पट्टा अंधार पडेपर्यंत थांबत नव्हता. तिला आनंद झाला होता, खरा आनंद. गिरणी वाचली होती.

त्याच मंगळवारी दुपारी जरा सवड मिळाली तेव्हा तिने बाहेर बघितलं. चौघांच्या पाठी दिसत होत्या. ताठ, टेकायची बंदी पाळणाऱ्या. बाक फिरायच्या आधी चक्कीच्या तोंडातलं धान्य संपत आलं की समोरून लहानूभाऊ हात वर करायचा, पीठ करपट वास मारायला लागलं की तो नाक धरायचा. दोन आठवडे रोज तिला कुणीतरी बघत होतं, आणि तिला त्याची सवय लागली होती. बावीस वर्षांत तिच्या कामाकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं. तिला वाईट वाटलं. वाईट वाटलं याचा रागही आला. एवढा खटाटोप कशासाठी केला होता मग?

बुधवारी सकाळी ती आली तेव्हा बाक रिकामा होता. शटरपुढे, तोंड गिरणीकडे करून, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि त्यांवर चौघं बसले होते. आपापल्या घरून आणलेल्या खुर्च्या, एक लाल, तीन हिरव्या.

भीमाबाईने कपाळाला हात लावला. “आता हे काय गा लहानूभाऊ? मी शाल पांघरली, नारळ धरला, भाषन केलं, क्रेन आनली, अन् तुमी पुन्हा तिथंच?”

“तिकडं टेकता येत नाही न बाई,” लहानूभाऊ म्हणाला. “अन् रस्त्यावर पाहाले काय हाय? गाड्याच तं हाय.”

ती काही बोलणार एवढ्यात एक बाई बेसनाचा डबा घेऊन आली. चौघं उठले, खुर्च्या उचलून बाजूला झाले, बाई आत गेली, खुर्च्या परत जागेवर आल्या. अर्ध्या मिनिटाचं काम! भीमाबाई बघतच राहिली. मग तिने चक्की चालू केली.

अकराच्या सुमाराला प्रेमलताताई कॅमेरा घेऊन आल्या. करंडकासाठी फिरवलेल्या बाकावर बसलेल्या लाभार्थ्यांचा फोटो हवा होता, आणि बाकावर लाभार्थी नव्हते. त्यांनी चौघांना हात जोडले. चौघं भली माणसं. जाऊन बसले, ताठ, नावं न झाकता. फोटो निघाला. मग ते उठून खुर्च्यांवर परत आले.

प्रेमलताताई रस्त्यावर उभ्याच राहिल्या. सकाळपासून त्यांनी तीन ठिकाणी फोटो काढले होते आणि अजून उद्याचा वक्ता मिळायचा होता. त्यांनी बाकाकडे बघितलं. तिथे स्वतःचं नाव लिहिलेलं होतं, त्यावर टेकायचं नाही हे त्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

“भीमाबाई,” त्यांनी हळूच विचारलं, “तुमच्याकडे एखादी जादा खुर्ची आहे का?”

भीमाबाईने आतून आपलं लाकडी स्टूल आणून लहानूभाऊच्या शेजारी मांडलं. प्रेमलताताई बसल्या, चप्पल काढून पाय लांब केले, आणि चक्कीतून पडणाऱ्या पिठाकडे बघत राहिल्या. फोन दोनदा वाजला, त्यांनी तो घेतला नाही. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी अनारशाच्या तांदळाचा डबा घेतलेली एक बाई दिसली.

“उठा वं ताई,” लहानूभाऊ म्हणाला, “गिऱ्हाईक आलं.”

प्रेमलताताई उठल्या आणि स्टूल उचलून बाजूला झाल्या.