पोळा नागपंचमीच्या आधी

मी ठोक्या बोलतोय. कोण ठोक्या म्हणून माना वळवू नका. मी माणूस नाही, कार्डाला भोकं पाडायचं यंत्र आहे. अमरावतीच्या एका आरोग्य कचेरीत होतो, तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं. शाळा म्हणाल तर शून्य ते नऊ. पुढे कोणी शिकवलं नाही, आणि तेवढ्यावरही साहेबापेक्षा माझं डोकं बरं चालायचं.

जन्म विलायती कारखान्यातला. जुन्या राज्यात हात बदलत बदलत इथं आलो आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं तेव्हा इथेच राहिलो. सरोजिनी नावाची पोरगी माझ्या कळा दाबायची. मेलेल्या एका माणसाचं एक कार्ड. दिवसाचं भोक, महिन्याचं भोक. मग ती कार्डं नागपूरला मोजायला जात. पाडलेले बारीक गोल कागदी तुकडे माझ्या पोटात साठत. सरोजिनीचं लग्न ठरलं तेव्हा नत्थुजी चपराश्यानं तेच मूठभर काढून तिच्या डोक्यावर अक्षता म्हणून उधळले. मी असा खडखडलो! ते माझं हसणं.

तारीख कोणत्या तरी माणसानं मला द्यावी लागे. खेड्यात कोण सांगतो इंग्रजी तारीख? "पोळ्याच्या आदल्या दिवशी", "गौरी उठल्या तवा", असंच सांगतात. त्याची तिथी करायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात पाहून तारीख काढायची, हे काम हरिहररावांचं. घरी पिढीजात पंचांग, पहाटे संध्या, चतुर्थी चुकायची नाही. पण कचेरीत टोपी खुंटीला टांगली की डोकंही तिथेच टांगायचे. तक्ता सरकारी, त्यावर शिक्का. मग त्यांनी पंचांगाकडे पाहिलंच नाही. दरवर्षी नवा तक्ता यायचा. राज्य बदललं तरी तो जुन्याच वाटेनं, उत्तरेकडून, येत राहिला.

आता सिंधूबाईचं सांगतो. ही चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातली नर्स. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. एका वर्षी राखीपौर्णिमेला तिला प्रशिक्षणासाठी अकोल्याला पाठवलं आणि दवाखान्याला कुलूप लागलं. पोळा करून ती परतली, तोवर हगवणीनं गावातली लेकरं एकामागून एक गेली होती. ती तडक कचेरीत आली.

"मी होती तवा एक लेकरू मरू नाही देल्लं साहेब. मी गेली की माझ्या जागी कोणाले तरी ठेवत जा. कुलूप नोका लावू."

साहेब साताऱ्याकडचे, कडक इस्त्रीच्या कपड्यातले. म्हणाले, "बाई, रडून राज्य चालत नाही. आकडे मागवू. मृत्यू कुलपानंतरचे असतील, तर दुसरी नर्स देऊ."

आकडे मागवले. घराघरातून तिथ्या आल्या: श्रावण वद्य अष्टमी, श्रावण वद्य चतुर्दशी, श्रावण वद्य अमावास्या. हरिहररावांनी तक्ता पाहिला, सरोजिनीनं कळा दाबल्या, मी भोकं पाडली. नागपूरहून निकाल आला: सगळे मृत्यू कुलूप लागायच्या आधीचे. म्हणजे बाई गावात हजर असतानाचे!

तिला बोलावणं धाडलं. साहेबांनी तारखा वाचल्या. ती म्हणाली, "हे सुभद्राचं पोट्टं पोळ्याच्या सकाळी गेलं. दारात बैल सजवून उभे होते, अन् घरात रडारड. अन् तुमी सांगता त्या तारखेले तर नागपंचमीबी नव्हती झाली. पोळा नागपंचमीच्या आधी काहून येऊन राह्यला साहेब?"

कचेरी खदखदून हसली. साहेब हसले नाहीत. "आमच्याकडे बैलांचा सण आषाढातच असतो," म्हणाले, आणि कागद मिटला.

हरिहररावांनी मात्र बोटांवर तिथ्या मोजल्या. उठून तक्त्यासमोर उभे राहिले. "साहेब, हा तक्ता उत्तरेचा आहे हो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अवसेला. आपला श्रावण वद्य त्यात एक महिना आधी पडतो. शुद्धातल्या तारखा ठीक आहेत, वद्यातल्या सगळ्या..."

"हरिहरराव, निकाल वर गेला. आता काय सगळ्या तालुक्यांची कार्डं पुन्हा पाडायची? यंत्र चुकत नसतं."

आयुष्यात माझी एवढी तारीफ कोणी केली नव्हती. पडून फुटावंसं वाटलं. पण मी टेबलाला बोल्टनं आवळलेला.

सिंधूबाईला काढलं. जाताना दारात हरिहररावांनी हात जोडले. "बाई, मी अर्ज करतो."

"करा भाऊ," ती म्हणाली, "पण तोवर दवाखान्याची चावी कोणाजवळ देऊ, तेवढं सांगा."

चावी नत्थुजीनं खिळ्याला अडकवली. हरिहररावांनी अर्ज केले, एकावर एक. नवा तक्ता आला, आपल्याकडच्या पंचांगाप्रमाणे छापलेला, एकही चूक नसलेला. नर्स काही आली नाही.

पुढचा श्रावण आला. त्याच गावातून पुन्हा लेकरांच्या तिथ्या आल्या, त्याच वद्यातल्या. सरोजिनी सासरी गेलेली. हरिहरराव स्वतःच माझ्यासमोर बसले. एकेक तारीख पुन्हा पुन्हा ताडून पाहत, एकेक कळ दाबत होते. या बारीला तारखा एकदम बरोबर पडल्या.

मग ते कधी माझ्याजवळ बसले नाहीत.

आता मी अकोल्याच्या गोदामात आहे. कळा गंजल्या, पालीनं संसार मांडला, तिच्याशी थट्टा करतो. ती हसत नाही. उद्या भंगारवाला नेईल. न्या बापा, नाही म्हणत नाही. फक्त उचलताना एकदम उलटा करू नका. भोकं नागपूरला गेली, पण कापलेले तुकडे माझ्या पोटातच राहिले. नत्थुजीनं सरोजिनीवर उधळले तसलेच दिसतील. ते मात्र झाडून टाकू नका, दादा. ते त्या लेकरांचे दिवस आहेत.